लिंबू, मीठ आणि काडेपेटी

पोलिसात तीस वर्षं काढली. चोऱ्यामाऱ्या बऱ्याचशा विसरलो. पण जिच्यात काहीच चोरीला गेलं नव्हतं, ती केस अजून डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही.

मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत वाढलो. मराठी लिहिता येतं ते आईच्या धाकामुळे. नोकरीची शेवटची वर्षं बेसिंगस्टोकला सार्जंट होतो. एका दुपारी कंट्रोल रूमकडून निरोप आला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी शिरून गेलंय. भाडेकरू म्हणजे त्याच सकाळी पुण्याहून आलेलं तरुण जोडपं. तो आयटीतला, ती पाच महिन्यांची गरोदर. बॅगा टाकून दोघं दूध-ब्रेड आणायला गेली आणि तासाभराने परतली, तर ओट्यावर एक स्वच्छ कापड पसरलेलं. त्यावर दोन लिंबं, मिठाची पुडी, साखरेची पुडी, मेणबत्ती आणि काडेपेटी. शिवाय घरातली झाडून सगळी भांडी पाण्याने काठोकाठ भरलेली.

माझ्याबरोबरचा इंग्रज कॉन्स्टेबल कानाशी येऊन म्हणाला, "सार्ज, काडेपेटी बघा. घर जाळायची धमकी दिसते." तेवढ्यात नवऱ्याने मला बाजूला घेतलं. "सर, आम्ही तसलं काही मानत नाही हं. पण हिला वाटतंय, करणी असेल." ती कोपऱ्यात पोटावर हात ठेवून उभी होती. "मला घरी परत जायचंय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दोघांचंही मला पटेना. ओटा नुकताच पुसलेला होता, फडकं पिळून नळावर वाळत घातलं होतं. करणी करायला आलेलं माणूस आधी ओटा पुसत नाही आणि आग लावणारा भांडी पाण्याने भरून ठेवत नाही. दार फोडलेलं नव्हतं, म्हणजे ज्याच्याकडे चावी तोच माणूस.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या केअरटेकरचा फोन आला. "त्या क्लीनर बाईंनी चावी परत दिलेली नाही. आणि हे पहिल्यांदाच नाही. आधीचे भाडेकरू हसून ते सगळं कचऱ्याच्या बिनमध्ये टाकायचे."

क्लीनर म्हणजे पासष्टीची एक मराठी विधवा. घरं भाड्याने देणाऱ्या एका एजंटसाठी रिकामे फ्लॅट साफ करायची आणि त्याच्याच एका खोलीत राहायची. मी चौकशीला गेलो तेव्हा एजंटने स्पष्ट सांगून टाकलं, पोलीस केस झाली तर कामही बंद आणि खोलीही.

तिला स्टेशनवर जबाबाला बोलावलं. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः दुभाष्या व्हायचं नाही, असा नियम आहे. मी इंग्रजीत विचारायचं, फोनवरच्या दुभाष्याने मराठीत सांगायचं आणि तिचं उत्तर पुन्हा इंग्रजीत यायचं. तिचं प्रत्येक वाक्य मला आधीच कळायचं, तरी तोंड शिवल्यासारखं बसून राहावं लागायचं. असला छळ मी कुठल्या आरोपीचाही केला नसेल.

लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर वाळवंटाच्या काठावरच्या एका व्यापारी गावात गेली होती. मीठ, खजूर, डिझेल नेणारे ट्रक थांबायचे, म्हणून ते गाव. नवरा एका कंपनीचा स्टोअरकीपर. परदेशी कुटुंबांना पत्र्याच्या छपराची एकेक खोली. पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा, वीज संध्याकाळी चार तास. भाजी म्हणजे कांदा, तोही ट्रक आला तर. पोळीत वाळू कचकचायची. एका बाजूला सुदानी कुटुंब, दुसऱ्या बाजूला केरळची नर्स. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती.

"दोन दिवस ट्रकमध्ये बसून पोचलो," ती सांगत होती. "हे लगेच गोदामात गेले. खोलीत पाण्याचा थेंब नाही. आठ महिन्यांची माझी मुलगी, उन्हाने तापलेली. शेजारी रांजण भरलेला दिसत होता हो. पण आल्या दिवशीच मागायला कसं जायचं, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजवलं. नर्सबाईंनी लिंबू, मीठ, साखर घालून पाणी केलं, चमच्याने पाजलं. उशीर झाला होता."

फोनवरच्या दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. माझे डोळे तोवर भरलेच होते. कॉन्स्टेबलने टिश्यूचा खोका आधी तिच्याकडे सरकवला, मग माझ्याकडे.

पुढची अकरा वर्षं नवीन कुटुंब येतंय असं कळलं की ती आधी जाऊन त्यांची खोली झाडायची, पाणी भरायची आणि हे सामान मांडून ठेवायची. मेणबत्ती-काडेपेटी वीज गेल्यानंतरच्या अंधारासाठी. "नव्या माणसाला मागायची वेळ येऊ नये, एवढंच," ती म्हणाली.

रेकॉर्डिंग बंद झाल्यावर मी पहिल्यांदा मराठीत तोंड उघडलं. "काकू, इथे नळाला चोवीस तास पाणी असतं."

"कळतं हो साहेब. पण एजंट म्हणाला, इंडियातून येतायत, बाई प्रेग्नंट आहे. मग राहवेना. आत बॅगा दिसल्या तेव्हा घाबरले, तरी मांडून ठेवूनच गेले."

हेतू काहीही असो, दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरली होती. कोर्टाबाहेर मिटवायची सोय होती, पण त्याला तक्रारदाराची संमती लागते. नाहीतर फाइल वर जाणार आणि बाई रस्त्यावर येणार. सगळं त्या घाबरलेल्या मुलीच्या हातात होतं. काकूंची परवानगी घेऊन मी तिला हकीकत सांगितली. ती भेटायला तयार झाली.

तीन आठवड्यांनी स्टेशनच्या छोट्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. काकू म्हणाल्या, "चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

मुलीने विचारलं, "काकू, बाळाचं नाव काय होतं?"

काकूंनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

मुलगी रडायला लागली. "हा दिवसभर ऑफिसला असतो. मी बॅगापण उघडलेल्या नाहीत. इथल्या डॉक्टरकडे, जीपीकडे रजिस्टर कसं करायचं, हे शेजारच्या बाईला विचारायचंय, पण दारापर्यंत जाते आणि परत येते. तुम्ही बेल वाजवून येत जाल का?"

एजंटने कुरकुर केली, पण साफसफाई झाली की त्याच दिवशी चावी परत करायची, या अटीवर काकूंना ठेवून घेतलं. खोलीही राहिली.

काय घडलं हे मी आयुष्यभर लोकांना खोदून खोदून विचारलं. तुम्हाला काय हवंय, हे मात्र फॉर्मवर रकाना आहे म्हणून विचारायचो, आणि उत्तरं ठरलेली असायची: भरपाई, माफी, लांब राहण्याची अट. त्या दिवसापासून मी तो प्रश्न पेन खाली ठेवून विचारायला लागलो.

मुलीच्या फॉर्मवर त्या रकान्यात मी लिहिलं, 'आरोपीने तक्रारदाराच्या घरी येत राहावे.' संध्याकाळी माझ्या वरच्या साहेबांची ईमेल आली, लिहिताना चूक झालीय का? मी कळवलं, नाही, बरोबर आहे.