मावशीने उघडलेली बरणी

पक्षाघाताने सुमनमावशीचा उजवा हात गेला, तेव्हा तिच्या मुलाने सांगून टाकलं, "आई, आता स्वयंपाकघरात यायचं नाही." काल मी तिच्याकडे गेले, तर ती ओट्यापाशीच उभी. लोणच्याची बरणी तिने अर्धवट उघड्या खणात ठेवली, कमरेने खण रेटून ती घट्ट अडकवली, झाकणाला जाड रबरबँड गुंडाळला आणि डाव्या हाताने ते फिरवलं. पोळपाटाखाली ओलं फडकं होतं, त्यामुळे तो जागचा हलत नव्हता.

मला राहवेना. "दे ना मावशी, मी लाटते."

"बस तिथे. हात गेलाय. मी आहे अजून."

रबरबँडच्या, फडक्याच्या असल्या युक्त्या आपण रविवारच्या पुरवणीत वाचतो आणि विसरून जातो. मावशीचं या घरातलं स्थान याच युक्त्यांवर उभं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला ठरवू द्यायला ती तयार नव्हती.

मुलगा दारात आला, काहीतरी बोलणार होता. तिने वेडीवाकडी पोळी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "ताट घे."

तो ताट घेऊन जेवायला बसला.