बसूचा व्हिसा आणि विद्याचं कार्ड

दारं समोरासमोर असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपणहून घरात येतात. आमच्या समोर महादेवी अक्का आणि अप्पा राहतात. अप्पांचं भुसाराचं दुकान होतं. एकुलती लेक विद्या कॅनडात. तर ऐका!

*

विद्याला तिकडं पीआर मिळालं, म्हणजे कायम राहायची परवानगी. अक्का पेढे घेऊन आल्या. मी विचारलं, "मग पासपोर्ट आता तिकडचा?"

"न्हाय वो वहिनी, आपल्या भारताचाच."

"मग कायमची कशी?"

मागून अप्पा म्हणाले, "रेशनकार्ड हितं आनि जेवण तितं, आसं समजा की!"

*

पुढं विद्याला मैत्रिणीच्या लग्नाला इंग्लंडला जायचं होतं. बरोबरच्या तिकडच्या पोरींना व्हिसाची भानगडच नव्हती. हिला मात्र व्हिसा! अक्का फोनवर भडकल्या, "कायमचं कार्ड हाय की तुज्याकडं!"

"आई, ते कॅनडात राहायला. बाकीच्या देशांना मी सोलापूरचीच."

संध्याकाळी पाहते तर अक्का गल्लीभर सांगत सुटलेल्या, "सगळ्या जगाला म्हाईत हाय, आमची विद्या सोलापूरची!"

*

मग विद्याला मुलगा झाला, बसू. त्याच सुमारास अप्पांची नजर अधू व्हायला लागली. सात रस्ता चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या." अप्पांना एकच पाहायचं होतं, नातवाचं तोंड. मोबाइलवर त्यांना नुसता उजेड हललेला दिसायचा.

विद्या आणि जावई भारतीय, त्यांना यायला काही नको. पण बसू तिकडं जन्मलेला, पासपोर्ट तिकडचा. त्याला व्हिसा!

"आईला नको, बापाला नको, आनि दूधपित्या लेकराला व्हिसा?" अक्का म्हणाल्या. "त्यो काय हितं नोकरी मागतोय व्हय?"

*

अर्ज केला, तर फोटो नापास! अक्कांनी फोनवरून बजावलं होतं, फोटो काढताना दृष्ट लागते, गालाला तीट लाव. विद्यानं लावली ठसठशीत. उत्तर आलं, चेहऱ्यावर डाग आहे, दुसरा फोटो पाठवा.

विद्या रडकुंडीला आली, "आई, तिकडं अप्पांची नजर चाललीय आणि मी तीट पुसत बसलेय!"

अक्का हळूच म्हणाल्या, "गालाची पूस. तळपायाला लाव. फोटोत पाय येत न्हाईत न्हवं?"

*

बसू आला तो खंडेनवमीच्या सकाळी. अप्पांनी त्याला दारातल्या उन्हात नेलं, नाकाला नाक लावून कितीतरी वेळ पाहिलं. "बा मगा, बा," ये बाळा, ये, कानडीत एवढंच म्हणत होते.

मग पूजा. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं पाटावर मांडायचं. अप्पांचा तराजू, मापं, अक्कांचा अडकित्ता, स्कूटरची किल्ली. विद्यानं आपलं पीआर कार्डही ठेवलं.

अप्पांनी चाचपून विचारलं, "हे काय?"

"माझं कार्ड, अप्पा. हे दाखवल्याशिवाय परत जाता येत नाही."

"बरं." अप्पांनी त्यावर विभूतीचं बोट टेकवलं. मग म्हणाले, "आनि बसू कशावर आला?"

विद्यानं पर्समधून व्हिसाचा कागद काढून त्यांच्या हातात दिला.

अप्पांनी तो पाटाच्या मधोमध ठेवला, चाचपडत झेंडूचा हार उचलला, आणि सगळाच्या सगळा त्या कागदावर घातला.