मनातला विषय

मोठ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा काही बाईंमधून निवृत्त झाली नाही. दर गुरुवारी चार माणसांनी त्यांच्या घरी जमावं, वचन वाचावं, एकमेकांचं सुखदुःख ऐकावं आणि प्रभूच्या वाटेवर एकमेकांना हात द्यावा, असं चर्चच्या पाळकांनी ठरवलं. बाईंनी पहिल्याच बैठकीत हजेरी घेतली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसलेली माणसं, तरी प्रत्येकाने "उपस्थित" म्हणायचं!

गटात दातांचे डॉक्टर, त्यांची बायको, निवृत्त पोस्टमास्तर आणि बाईंचे कपडे शिवणारी शिंपीणताई. आपले दोष मोकळेपणाने सांगायचे असा नियम होता. सगळे सांगत, पण दोष असे पारखून आणलेले की ऐकणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. डॉक्टर म्हणत, "मी फार चटकन क्षमा करतो, हा माझा दुबळेपणा." पोस्टमास्तरांना शास्त्र वाचताना डुलकी लागे. डॉक्टरीणबाईंच्या हातून नवऱ्याची जरा जास्तच सेवा होई. त्यावर डॉक्टर छताकडे बघत.

शिवाय मन मोकळं करायला प्रत्येकाला एक आत्मिक सोबती. बाईंनी शिंपीणताई स्वतःकडे ठेवली. कारण बाई कधी बोलल्या नाहीत, पण उघड होतं: गुरुवार सोडला तर त्यांच्या दाराची घंटा फक्त सोमवारी वाजे, आणि ती वाजवणारी ताईच. ताई बोले, बाई तिचं बोलणं सुधारत. तरी ती यायची, यातच तिचा मोठेपणा.

अशाच एका सोमवारी, बाईंच्या बाहीला टाचण्या लावता लावता ताई हळूच म्हणाली, "बाई, लेक परत आलीये. कायमची. कुणाला बोलू नका हं."

"माझ्या पोटात गेलं ते गेलं," बाई म्हणाल्या.

गेलं खरं, पण गुरुवारी प्रार्थनेतून वर आलं.

"हे प्रभू," डोळे मिटून बाईंनी आवाज लावला, "आमच्यातल्या एका भगिनीची मुलगी सासर सोडून आली आहे. नाव मी घेत नाही. ती शिवणकाम करते हे तुला ठाऊकच आहे."

प्रभूला ठाऊक होतंच, आता डॉक्टरीणबाईंनाही झालं. आमेन म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले ते थेट ताईवर. ताई उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई सांत्वनाला ताईच्या दारात हजर. "नवरा मारायचा का गं?" त्यांनी लेकीलाच विचारलं, तेही अशा आवाजात की समोरच्या गॅलरीतली शेजारीण कपडे वाळत घालायची थांबली. लेकीने दार लावलं. त्यानंतर ती घराबाहेर पडेना.

सोमवारी घंटा वाजली नाही. गुरुवारी ताईची खुर्ची रिकामी.

"रजेचा निरोपसुद्धा नाही," बाई कुरकुरल्या. "बरं, प्रार्थनेचे विषय सांगा."

"माझा मनातला आहे," डॉक्टर म्हणाले.

"माझाही," त्यांची बायको म्हणाली.

"माझाही मनातलाच," पोस्टमास्तर म्हणाले.

"अहो, तुमचा तर गुडघा! तो तरी मोठ्याने सांगा!"

"नको. गुडघा मनातच बरा."

प्रार्थना चहाचं आधण येण्याआधी संपली. निघताना पोस्टमास्तर चपला घालता घालता म्हणाले, "बाई, दुसऱ्याचं पाकीट फोडणाऱ्याला आम्ही नोकरीत ठेवत नसू."

"मी प्रार्थना केली!"

"पत्र देवाच्या नावाचं होतं. तुम्ही आम्हाला वाचून दाखवलंत."

पुढचा सोमवारही मुका गेला, तेव्हा बाईंनी माफीचं भाषण तयार केलं, दोन वचनांसकट, आणि ताईचं घर गाठलं. ताईने मान वर केली नाही. मशीन चालूच.

"ताई, त्याचं काय झालं, प्रार्थनेच्या ओघात..."

मशीन आणखी जोरात.

बाई थांबल्या. भाषण कुठल्या कुठे पळालं. "ओघात नाही गं. मुद्दाम सांगितलं. सगळ्यांच्या आधी मला कळलं, हे मिरवायचं होतं."

मशीन थांबलं.

"हे मात्र खरं पाप झालं," ताई म्हणाली. "आपल्या गटात असलं कुणी आणलंच नव्हतं." मग कात्रीने आतलं दार दाखवलं. "मला कशाला सांगता? तिला सांगा."

जन्मभर मुलांना दाराबाहेर उभं करणाऱ्या बाई स्वतः दाराबाहेर उभ्या राहिल्या. "आत येऊ का?"

"कशाला?"

"माफी मागायला."

मग आतून आलं, "सोबत गट आहे का?"

"नाही गं. एकटीच आहे."

"मग या. आणि दार लावून घ्या."

बाईंनी दार लावून घेतलं.

गुरुवारी ताई आपल्या खुर्चीवर होती, मांडीवर बाईंची अर्धवट बाही. हजेरी झाली नाही. डॉक्टरीणबाई बाईंच्या कानाशी लागल्या, "गेला होतात म्हणे! काय म्हणाली हो पोरगी?"

बाईंनी हात जोडले, डोळे मिटले.

"मनातला विषय आहे," त्या म्हणाल्या.