काउंटरची आतली बाजू

निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे सांभाळतात. आमची वहिनी बंद पडलेली दुकानं शोधत हिंडते आणि त्यांचे फोटो काढते. दादाची त्यावर कुरकुर असते. "दुकान चालू होतं तेव्हा ही उशिरा घरी यायची," तो म्हणतो, "आता दुकानं बंद पडली, तरी उशीर आहेच."

चालू होतं ते चौकातलं चार मजली दुकान. तिथे दुसऱ्या मजल्यावर टॉवेल आणि चादरींच्या काउंटरला वहिनीने एकतीस वर्षं काढली. दुकान बंद पडूनही नऊ वर्षं झाली. अजून घरातला एकही टॉवेल धड वापरता येत नाही. तोंड पुसून ठेवला की मागून येऊन ती त्याची घडी घालते.

या घडीनेच घोटाळा केला. वहिनी ज्या छायाचित्र मंडळात गेली, त्याचा एकच कडक नियम होता. बंद दुकानात मालकाची परवानगी काढून जायचं आणि आत कशाला म्हणजे कशालाही हात लावायचा नाही. जे जसं पडलंय तसंच टिपायचं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. फोटो हातात आला की आधी उजेडासमोर धरून बघायचे, कीड कुठे लागलीय ते शोधत असल्यासारखे.

पहिल्यांदा मंडळ एका चपलांच्या दुकानात गेलं. सगळीकडे जोडे विखुरलेले. बाकीचे कॅमेरे सरसावताहेत तोवर वहिनीने चौदा जोड्या लावल्या, आरसा रुमालाने पुसला आणि मग शांतपणे फोटो काढला. डॉक्टरांनी तो बराच वेळ उजेडासमोर धरला.

"बाई, हे दुकान बंद कुठे आहे? हे जेवायला गेलंय."

पुढच्या खेपेला खेळण्यांच्या दुकानात तिने पालथी पडलेली एक बाहुली नुसती सरळ केली. "तिच्या नाकात धूळ जात होती," असं तिचं म्हणणं. मंडळाची बैठक बसली आणि ठरलं, की पुन्हा हात लागला तर यंदाच्या प्रदर्शनात बाईंचा एकही फोटो लागणार नाही.

वहिनी हसली होती. पण त्याच आठवड्यात बातमी आली की चौकातलं चार मजली दुकान पाडणार. मंडळाला रविवारी सकाळी दोन तास आत जायची परवानगी होती आणि मंगळवारी यंत्रं येणार होती.

मग मात्र तिचं हसणं थांबलं. "भावजी," ती मला म्हणाली, "आता ते दुकान कुठे उरलं तर त्या प्रदर्शनाच्या भिंतीवर उरेल. नाहीतर नाही. आणि माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

"कॅमेरा दोन्ही हातांनी धर," दादा आतून ओरडला, "आणि जिना उतरेपर्यंत सोडूच नकोस."

रविवारी पहारेकऱ्याने दार उघडलं आणि वहिनी आणि डॉक्टर सोडून मंडळाचे सहाही जण थेट मधल्या मोठ्या जिन्याकडे धावले. वर काचेचा घुमट फुटलेला, त्यातून उजेडाचा झोत येत होता. जिन्याचे मिळून दोनशे फोटो निघाले असतील. वहिनी बाजूच्या जिन्याने, नोकरांच्या, दुसऱ्या मजल्यावर गेली. मी तिची पिशवी घेऊन मागे, आणि माझ्या मागे डॉक्टर, पाळतीवर.

काउंटर होतं तिथेच होतं. मागच्या फळीवर एकच टॉवेल राहिला होता, अर्धवट घडीचा, एक कोपरा खाली लोंबणारा. वहिनीची बोटं कॅमेऱ्यावर वळवळायला लागली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "जरा त्या टॉवेलच्या पुढे उभे राहता का?"

डॉक्टर निमूटपणे उभे राहिले. मग ती सवयीने काउंटरच्या आत शिरली, आपल्या जागेवर गेली आणि एकदम थांबली. हळूच खाली बघितलं. जमिनीच्या लाकडी फळ्यांमध्ये दोन उथळ खळगे पडले होते आणि तिची दोन्ही पावलं त्यांत बरोब्बर बसली होती.

ती बाजूला झाली आणि कॅमेरा खाली रोखला.

त्यानंतर तिने मजल्यामागून मजला काढला. प्रत्येक काउंटरच्या आत शिरायचं, खाली बघायचं, ओळखायचं. अत्तरवालीचा एकच खळगा खोल, कारण तिचा डावा गुडघा दुखायचा. मोजेवाल्याचे खळगे लांबट; हा माणूस बोलताना डुलायचा. कॅशियरबाई खुर्चीवर बसायच्या, म्हणून तिथे पायांच्या जागी खुर्चीच्या चाकांची अर्धगोल चाकोरी. असे अकरा फोटो. कशालाही हात न लावता.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. "यात दुकान कुठे आहे, बाई? ही तर नुसती जमीन आहे."

"तुम्ही नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूने आलात ना," वहिनी म्हणाली. "मला त्या बाजूचं दुकान फारसं माहीतच नाही."

डॉक्टरांनी पडद्यावर पुन्हा पहिला फोटो आणला. या वेळी कीड शोधत नव्हते. मग म्हणाले, "मधली भिंत तुम्हाला. अकराच्या अकरा लावा."

मंगळवारी दुकान पडलं. बुधवारपासून वहिनी फोनला चिकटली. नंबर बदललेले, गावं बदललेली, एकदोघांचे कान गेलेले. तरी प्रदर्शनाच्या दिवशी पाच वाजता दारातून जुने काउंटरवाले सगळे येत गेले. मोजेवाला पंचाहत्तरीचा, काठी टेकत. फोटोसमोर आला आणि डुलायला लागला.

"हा मी," त्याने शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलं. "आणि ती बघा, ती अत्तरवाली. एका पायावर बगळ्यासारखी."

"बगळा म्हणे," अत्तरवाली मागून म्हणाली. "तुझ्या डुलण्याने माझ्या बाटल्या किणकिणायच्या, ते सांग की त्यांना."

बघता बघता जिन्याचे सगळे फोटो ओस पडले आणि सगळी गर्दी मधल्या भिंतीला. पाहुणे विचारताहेत, ही मंडळी आपापल्या खळग्याशेजारी उभी राहून सांगताहेत. डॉक्टरांनी वयाकडे बघून शेजारच्या खोलीतून खुर्च्या वाहून आणल्या. कुणी बसेना. फक्त कॅशियरबाई बसल्या. त्या तेव्हाही बसूनच असायच्या.

सातच्या सुमाराला एक तरुण जोडपं आलं. एकेक फोटो बघत शेवटपर्यंत गेलं, पुन्हा पहिल्यापाशी आलं. "हे काढले कुणी?" मुलीने विचारलं.

दहा जणांनी एकदम वहिनीकडे बोट केलं. ती आपल्या फोटोशेजारी पदर खोचून ताठ उभी होती. मुलगी जवळ आली तशी वहिनी अर्धं पाऊल पुढे झाली.

"या," ती म्हणाली, "काय दाखवू?"