भाऊजी आणि चीड

जगात झाडं दोघांनाच कळतात, एक देवाला आणि दुसरं आपल्याला, त्यातही देव अधूनमधून चुकतो, असं मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला: माझे दूरचे दीर. जयपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि राजा पार्कात आमच्या शेजारी राहायचे. चहाला बोलावलं तर कप हातात घेण्याआधी आमच्या कुंड्यांचा पाणउतारा व्हायचा. एका लग्नात वरपित्यानं मांडवाच्या दारातली झाडं कौतुकानं दाखवली, "पाईन आहेत हं!" भाऊजी हातात अक्षता घेऊन कडाडले, "सुरूचं झाड आहे ते! पाईनच्या सुईला सांधे असतात का?" भटजी मंगलाष्टक विसरले. भाऊजींचं सर्वांत लाडकं झाड म्हणजे हिमालयातला चीड, त्यांच्या मते खरा पाईन. (आम्हाला यायची ती चीड वेगळी.) "एका झुपक्यात तीन सुया. पाच असल्या तर तो कैल, वेगळा पाईन. मोजता येत नसेल त्यानं गप्प बसावं." स्वतः हिमालयात कधी गेले नव्हते. थंडी सोसायची नाही.

साठ सालाच्या आगेमागे छावणीत एक मेजर अल्मोड्याहून बदलून आले. त्यांची बायको साताऱ्याची. आमच्या गणपतीच्या आरतीला ती कुंडी घेऊनच आली. "भाऊजी, तुम्हाला दाखवायला चीड आणलाय. तिकडे दारातल्या झाडाचं बी मी स्वतः पेरलं होतं." भाऊजींनी वाकून पाहिलं. निळसर, एकेकट्या सुया. "मतलब, तुम्हाला बी आणि कचरा यांतला फरकही ओळखता येत नाही. हे गवत आहे, बाई!" तिचा चेहरा उतरला. प्रसादही न घेता ती गेली. मला तर त्या दिवशी भाऊजींना चहाऐवजी काढा द्यावासा वाटला.

बाईनं मात्र ओल्या गोणपाटाआड दोन उन्हाळे ते रोप जगवलं. मग शेंड्याला नवी पालवी आली, झुपक्यात तीन तीन सुयांची. चिडाचं रोप लहानपणी एकेरी सुयांचंच असतं, हे बाईला ठाऊक नव्हतं आणि भाऊजींनाही. तिनं आम्हा सगळ्यांना मुद्दाम घरी बोलावलं. भाऊजींनी चष्मा पुसून मोजलं, पुन्हा मोजलं.

"चुकलो," ते म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडी इतका नवा होता की जाऊबाईंनी विचारलं, "काय म्हणालात?"

त्या हिवाळ्यात मेजरांची बदली झाली. जाताना बाईनं कुंडी भाऊजींच्याच हवाली केली. "पाणी घाला, आणि त्याला काही बोलू नका," एवढंच म्हणाली. भाऊजी खरंच बोलले नाहीत. सावलीत खुर्ची टाकून नुसते शेजारी बसायचे. मे महिन्यात लू सुटली, सुया तांबूस झाल्या, गळाल्या. तरी पाऊस लागेपर्यंत ते रोज सकाळी त्या वाळक्या काडीला पाणी घालत राहिले. आयुष्यभर आम्हा सगळ्यांच्या चुका दाखवणाऱ्या त्या माणसाला, झाड मेलंय हे सांगायचा धीर आमच्यापैकी कुणालाच झाला नाही.