पित्ताच्या औषधाने वाढलेला व्हायरल लोड

एचआयव्हीची गोळी मी आईला पित्ताची गोळी म्हणून सांगितली. चूक एवढीच. पुढचं सगळं आईच्या मायेने केलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्या दिवशी चारकोपला घरी येईपर्यंत मी मनात अख्खं भाषण तयार केलं होतं. आईने दार उघडलं, हातातली डबी बघितली आणि विचारलं, "कसली गोळी रे?" भाषण राहिलं बाजूला, तोंडातून पित्त निघालं. रोग कसा झाला ते विचारू नका. तीही माझीच करामत.

व्हायरल लोड म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती फिरतायत, त्याचं माप. औषध नीट लागू पडतंय का, ते त्यावरून कळतं. माझा पहिल्या तपासणीत झकास खाली आला होता. पण पोराचं पित्त काही जाईना म्हणून आईने केमिस्टकडून गुलाबी अँटासिडची बाटली आणली. मी रोज गोळी गिळली की ती समोर टोपण धरून उभी. मला जळजळ नव्हतीच. पण पित्त गेलं म्हणावं तर गोळी कशाला, हा प्रश्न आलाच. म्हणून प्यायचो. वर ढेकर द्यायचो, अभिनय कच्चा राहू नये म्हणून.

पुढच्या तपासणीत आकडा हजारांत गेला.

"गोळ्या चुकवता?" दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"आईशप्पथ नाही."

"सगळे आईशप्पथच म्हणतात. सोबत दुसरं काही घेता?"

"पित्ताचं औषध."

"पित्त आहे?"

"नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. अँटासिडमधले क्षार गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात पुरेशी पोचत नाही, हे त्यांनी समजावलं. मग म्हणाल्या, "अर्धवट औषधाला विषाणू सरावला, तर ही गोळी कायमची वाया. तीन महिन्यांनी परत बघू. आणि आईला सांगा. नाहीतर त्या उद्या आणखी काही पाजतील."

सांगितलं. आई कोळंबी सोलत होती. शिव्या देईल, रडेल, ताट वेगळं करेल, असं काय काय मी धरून चाललो होतो. तिने फक्त स्वतःचे हात बघितले. "म्हंजे माज्याच हातान?"

इतकी लाज मला रिपोर्ट आला तेव्हाही वाटली नव्हती. माझं खोटं मी तिच्या हाताने पीत होतो, आणि आता तीच स्वतःला दोष देत होती.

म्हणून सांगतो, घरात एकाला तरी खरं सांगा. निदान औषध पाजणाऱ्याला.

तीन महिन्यांनी आई हट्टाने सोबत आली. मी टोपी, मास्क लावून खांबाआड; ती ठेवणीतली साडी नेसून पहिल्या बाकावर. रिपोर्टवर होतं, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. म्हणजे विषाणू गेला नाही, मशीनला सापडणार नाही इतका कमी झालाय. गोळी जन्मभर चालूच. मॅडमनी मला विचारलं, "आता नीट घेता ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. "बाई, तुमी रगत तपासतास ता बरा करतास. ह्येच्या तोंडार इस्वास ठेवू नकात."