पाचवा मेंढा

आर्डिस टॉफ्टेला कुणी विचारलं, "हात कसा आहे गं?" तर तिचं उत्तर ठरलेलं. "आहे अजून खांद्याला चिकटून." मग कॉफीचा कप ती दोन्ही हातांनी उचलायची, कारण एका हातानं उचलवत नव्हता. कप तोंडापर्यंत पोचतो की नाही ते आम्ही समोर बसून बघत राहायचो. बघूनच मला दमायला व्हायचं.

ह्या हातांनी तिनं जन्मभर नांगर चालवला. शेतातला नव्हे, रस्त्यावरचा बर्फ सारणारा, सरकारी. मोंटानात ज्या दिवशी कुत्रंसुद्धा दाराबाहेर पडत नाही त्या दिवशी हिची ड्यूटी. स्टिअरिंगचे हादरे खाऊन खाऊन आधी अंगठ्याचे सांधे गेले, मग मनगट गेलं. निवृत्त झाली तेव्हा खात्यानं भेट काय द्यावी, तर मनगटी घड्याळ! काय म्हणावं ह्या लोकांना?

मी बर्नी, त्याच खात्यात रेडिओवर बसायचे. कुठल्या घाटात कोण अडकलंय ते आर्डिसला कळवायचं, हे माझं काम. आता दोघीही घरी बसलोय, तर नेमबाजीच्या मैदानावर मी तिच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसते आणि गोळी कुठे लागली ते सांगते. म्हणजे माझं काम काही सुटलेलं नाही.

तिचं रिव्हॉल्वर चव्वेचाळीस मॅग्नम, हातात घेतलं की विटेसारखं जड. आमच्याकडे बहुतेक जण अंगठ्यानं घोडा मागे चढवतात, मग चाप अलगद सुटतो. आर्डिसच्या अंगठ्यात तेवढा जोरच उरलेला नाही, म्हणून ती नुसता चाप ओढत नेते. लांब, जड ओढ. त्या ओढीतच चक्र फिरतं, घोडा चढतो आणि आपटतो. तेवढा वेळ नेम हलू द्यायचा नाही. मी एकदा करून पाहिलं. माझी गोळी कुठे गेली ते देवालाच माहीत.

आमचा क्लब खडीच्या जुन्या खाणीत आहे. निशाणं म्हणजे पोलादी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि सगळ्यात लांब, दोनशे मीटरवर, पाच मेंढे. जाडजूड, एकट्यानं उचलायला जा, कंबर बोलते. नियम एकच: नुसता लागून भागत नाही, पडला पाहिजे. टण्णकन वाजला आणि उभा राहिला, तर तुमच्या पदरात भोपळा. आणि घोडा न चढवता, नुसत्या चापावर, पाचही मेंढे ओळीनं पाडले, तर पाचव्या मेंढ्याच्या पाठीमागे लाल रंगानं तुमचं नाव लागतं. ते कायमचं. आजवर तिथं दोन नावं आहेत. एक माणूस कधीच वर गेला. दुसरं नाव लाइल टॉफ्टे, आर्डिसचा नवरा.

लाइल लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. मागच्या वर्षी त्याच्या छातीत यंत्र बसवलं आणि डॉक्टरनं सांगितलं, दणका देणारी बंदूक बंद. त्या दिवशी म्हातारा गॅरेजमध्ये जाऊन बसला तो जेवायलाच आला नाही. शेवटी आर्डिस त्याला म्हणाली, "अरे, मारता येत नाही तर माझी काडतुसं तरी भर. माझ्या हातून अर्धी दारू सांडते." तेव्हापासून शिसं वितळवायचं, गोळ्या ओतायच्या, दारू काट्यावर तोलायची, हे सगळं त्याच्याकडे. आर्डिस दुसऱ्या कुणाचं काडतूस चक्रात घालायची नाही.

"मी काय तुझा स्वयंपाकी आहे का?" तो कुरकुरायचा.

"स्वयंपाकी असतास तर कधीच हाकललं असतं तुला."

पण आर्डिसचं मन सगळं त्या लाल नावात होतं. नवऱ्याच्या नावाखाली रिकामी जागा होती, तिथं तिला लागायचं होतं. दर वर्षी तीन पडायचे, कधी चार. आणि आता शहरातल्या हाडांच्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं की मनगटाची हाडं एकमेकांना जोडून टाकू, दुखणं थांबेल, पण मनगट पुन्हा वाकणार नाही. ऑक्टोबरात ऑपरेशन. म्हणजे ऑगस्टचा सामना तिचा शेवटचा.

जूनमध्ये त्या डॉक्टरनं मनगटात एक इंजेक्शन दिलं. आणि मग बाईची कळीच खुलली! "बर्नी, लागू पडलं गं! दणका आता कोपरापर्यंत चढत नाही. काल काकडीच्या लोणच्याची बरणी उघडली मी, एकटीनं!"

लाइल आमच्याकडे पाठ करून भांडी घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"असंच राहिलं तर ऑपरेशन रद्दच करते," ती म्हणाली. मी म्हटलं, बये, आधी ऑगस्ट तरी उजाडू दे. पण मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बऱ्याच दिवसांनी तिच्या घरून येताना माझी पावलं हलकी पडली. घरामागे टांगलेल्या लोखंडी ताटावर ती रोज सराव करायची. ताट टांगलेलं, त्याला पडायचं माहीत नाही. कसलीही गोळी लागो, ते बिचारं वाजायचं.

सामन्याच्या दिवशी उन्हानं खाण तापली होती. आर्डिस जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर उताणी झोपली, पाय दुमडले, पोटरीवर चामडं बांधलं. चक्राच्या फटीतून जाळ निघतो, तो नाहीतर पँट जाळतो. रिव्हॉल्वर पोटरीला टेकवलं. लाइल मागे खुर्चीत, कानांवर आवाज अडवणारी झाकणं लावून, हात मांडीखाली दाबून बसला होता. क्लबचा कारभारी कूप ओरडला, "चालू द्या!"

पहिला मेंढा गेला. दुसरा गेला. तिसरा जरा रेंगाळला, मग गेला. चौथ्याला शिंगाजवळ लागली आणि तो कोलांटी खाऊन पडला. कूपच्या हातातलं सॉसेज तोंडाकडे जाता जाता अर्ध्यावर थांबलं.

पाचव्याला तिनं वेळ घेतला. चाप हळूहळू मागे आला, बार उडाला, आणि दुर्बिणीत मला मेंढ्याच्या पांढऱ्या खांद्यावर शिशाचा करडा डाग दिसला. अगदी हवा तिथं! मेंढा मागे झुकला. आता पडेल, आता पडेल. तो डुलला आणि परत पुढे येऊन उभा राहिला. मग आवाज आमच्यापर्यंत आला. टण्ण.

"खांद्यावर," मी तिच्या कानाशी म्हटलं. "आर्डिस, खांद्यावर लागली गं. पडायलाच हवा होता मेला!"

ती तशीच आभाळाकडे बघत पडून राहिली. मग तिनं उजवा हात वर केला आणि मनगट इकडे तिकडे फिरवून बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्या मनात हळहळ होती, तिच्या मनात भलतंच चाललं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

"बर्नी, पायाला लागली म्हण."

"काय?"

"खूर. खाली लागली. माझा हात हलला. हेच सांगायचं, कळलं? तोंड उघडलंस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. खांद्यावर लागूनही मेंढा उभा राहतो तो एकाच कारणानं: काडतुसात दारू कमी. आणि ही चूक लाइलची असूच शकत नाही, म्हणजे ती चूक नव्हती.

आमच्यात ज्यानं मेंढे पाडले त्यानंच जाऊन ते उभे करायचे आणि डाग रंगवायचे. एरवी आर्डिसचे मेंढे मी उचलते. त्या दिवशी ती रंगाचा डबा घेऊन माझ्यापुढे चालू लागली आणि मी पोचेपर्यंत पाचव्याच्या खांद्यावर ब्रश फिरवूनही झाला. तेवढ्यात मागून कूपच्या चारचाकी मोटरसायकलचा आवाज आला. मागच्या बाजूला लाइल बसलेला. आमच्याजवळ उतरला, आणि कूप डुकरं बघायला पुढे निघून गेला.

"कुठे लागली?" लाइलनं विचारलं.

"खुराला," आर्डिस म्हणाली. "माझंच चुकलं."

लाइल मेंढ्यासमोर वाकला. खुरावर जुना गंज होता, डाग कसलाच नव्हता. मग सरळ होताना त्यानं आधारासाठी मेंढ्याच्या खांद्यावर हात टेकला. हात काढला तर तळवा पांढरा. त्यानं तो तळवा बघितला, आर्डिसकडे बघितलं, आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला की मला तिथं उभं राहवेना. पण जाणार कुठे? उघडी खाण.

"रोज रात्री मी तुला बर्फ बांधत होतो," तो म्हणाला. "मनगट काळंनिळं. झोपेत कण्हायचीस. मला वाटलं, दारू थोडीशीच कमी करू, दणका तेवढा कमी बसेल. जूनपासून तसंच भरत होतो. चार पडले, पाचवाही पडेल असं वाटलं मला, आर्डिस."

"मला सांगायचंस तरी."

"सांगणार होतो. पण तू त्या इंजेक्शनवर इतकी खूश झालीस..."

आर्डिस मेंढ्याच्या ओट्यावर खाली बसली. मला वाटलं, आता भडकणार, त्या लाल नावासाठी रडणार. तिनं मेंढ्याच्या पाठीमागे वळूनसुद्धा बघितलं नाही. डब्यातलं फडकं घेतलं, नवऱ्याचा हात ओढला आणि त्याचा तळवा पुसायला लागली. फडकं तिच्या मुठीतून निसटत होतं, ती परत धरत होती.

"म्हणजे हात बरा होत नव्हता," ती म्हणाली.

लाइल तिच्याशेजारी ओट्यावर टेकला.

"आणि ती लोणच्याची बरणी?"

लाइलनं मान खाली घातली. "मी आधी सैल करून ठेवली होती."

तिनं मान हलवली, आणि रंग निघाला होता तरी त्याचा हात पुसत राहिली.